घरपट्टीची पावती आणि मत

मुंबईकरांना मत मिळालं ते एका साहेबाच्या सढळ हातामुळे. शाळेत इतिहास शिकवताना मी हे असंच सांगायचो आणि मुलं हसायची. पुस्तकात ‘स्थानिक स्वराज्य संस्थांचा विकास’ असा भारदस्त मथळा असे. त्याखाली लॉर्ड रिपन, 1882, एवढं पाठ केलं की दोन गुण पक्के. पण रिपनचा ठराव यायच्या नऊ वर्षं आधीच मुंबईत निवडणूक होऊन गेली होती. तिच्या मुळाशी कुठलं तत्त्वज्ञान नव्हतं, हिशेबाचं भांडण होतं.

साहेबाचं नाव आर्थर क्रॉफर्ड. 1865 च्या कायद्याने तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. शहराचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मंडळींच्या हाती होता. यांची नेमणूक सरकार करी, त्यामुळे लोकांना जाब देण्याचा सवालच नव्हता. त्यांनी पैसे मंजूर करायचे आणि क्रॉफर्डने खर्चायचे. माणूस कामाचा होता, हे कबूल केलंच पाहिजे. गटारं, रस्ते, सफाई या सगळ्याला त्याने हात घातला, 1869 मध्ये मोठी मंडई उभी केली. पण वेळ वाईट होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि 1865 मध्ये मुंबईचा शेअरबाजार बुडाला. कालचे लखपती दिवाळखोरीच्या अर्जावर सह्या करू लागले. त्या कापसात आमच्या भागाचाही वाटा होता, हिंगोली त्या काळी कापसाची नावाजलेली पेठ. अशा पडत्या काळात घरमालकांवर कर वाढत गेले आणि खर्चाचा मेळ काही लागेना.

1871 मध्ये करदात्यांचा संताप उफाळला. नौरोजी फर्दुनजींसारखे जुने जाणते क्रॉफर्डवर तुटून पडले. कमिशनरची सत्ताच काढून घ्या, असा सूर लागला. तेव्हा 26 वर्षांचा एक बॅरिस्टर प्रवाहाविरुद्ध बोलला. फिरोजशहा मेहतांचं म्हणणं असं की कमिशनर एकटा आहे हा दोष नाही. कारभाराला एकच जबाबदार माणूस असावा, दोष त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांत आहे. नजर ठेवणारे करदात्यांनी निवडून दिलेले हवेत. मला हा युक्तिवाद आजही त्या सगळ्या गदारोळातला सर्वांत शहाणा वाटतो. गैरकारभार दिसला की अधिकाऱ्याची बदली मागायची आणि आपल्या सभासदांना मोकळं सोडायचं, ही खोड आपली अजून गेलेली नाही.

क्रॉफर्ड गेला. (पुढे 1888 मध्ये तो पुण्याकडे लाचखोरीच्या प्रकरणात सापडला आणि मामलेदारांच्या साक्षींनी ते प्रकरण गाजलं, पण ती वेगळी कथा.) 1872 चा नवा कायदा आला. सभासद 64. त्यांतले 16 सरकारने नेमायचे, 16 जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि उरलेले 32 करदात्यांनी. नव्या कॉर्पोरेशनची पहिली सभा 4 सप्टेंबर 1873 ला भरली.

हा करदाता कोण? वर्षाला किमान 50 रुपये म्युनिसिपल कर भरणारा. गिरणीतल्या कामगाराची ती कित्येक महिन्यांची कमाई होती. 1872 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती 6,44,405 भरली आणि मतदार निघाले जेमतेम काही हजार. चाळीच्या मालकाला मत होतं. चाळीतल्या खोलीत दाटीवाटीने राहणारा भाडेकरू याद्यांच्या गावीही नव्हता, आणि कॉलऱ्याने मरत होता तो. 1888 च्या कायद्याने ही अट 50 वरून 30 रुपयांवर आली, सभासद 72 झाले, वॉर्डांतून निवडायचे 36. विद्यापीठाच्या फेलोंना 2 आणि व्यापाऱ्यांच्या चेंबरला 2 जागा मिळाल्या. विद्येला दोन, धंद्याला दोन, आणि हमालीला शून्य.

निवडून आलेला तो लोकांचा, नेमलेला तो सरकारचा, असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे म्युनिसिपालटीचे सभासद होते ते सरकारने नेमलेले म्हणून. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून 1880 मध्ये म्युनिसिपालटीने स्वागतासाठी 1000 रुपये खर्चायचं ठरवलं, तेव्हा हाच नेमलेला माणूस एकटा विरोधात उभा राहिला. पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला, म्हणाला. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोधच. तरी 1886 मध्ये ती मंडई रे मार्केट म्हणून झालीच. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही फुल्यांचंच नाव दिलंय. जोतीरावांनी दोन्ही पाट्या वाचल्या असत्या तर काय बोलले असते, याचा विचार केला की मला एकट्यालाच हसू येतं.

हे सगळं चाललं असताना इकडे काय होतं? आमचं सिद्धेश्वर गाव निजामाच्या मुलखात, पूर्णेच्या काठी. आजचं धरण तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, ती 1903 पर्यंत राहिली. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं तिचीच मागे राहिलेली. छावणीत रस्ते झाडले जात, दिवे लागत, बाजाराला शिस्त होती, पण ती फौजी हुकमाने. छावणीबाहेर कलेक्टर म्हणजे तालुकदार, त्याच्याखाली तहसीलदार, आणि गावात पाटील-पांड्ये. शेतसाऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी वसूल होई. तो पैसा कुठे लावायचा हे अंमलदार आणि त्यांनी नेमलेली प्रतिष्ठित मंडळी ठरवत. पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात. पट्टी तिकडे होती, इकडेही होती. तिकडे तिच्यापाठोपाठ मत येऊ लागलं, इकडे ते आलं नाही. खुद्द हैदराबाद शहराला निवडणुकीची म्युनिसिपालटी मिळायला 1930 चं दशक उजाडलं, तीही मूठभरांची.

आमच्याकडची मंडळी हे मागासलेपण म्हणून सांगतात. मला ते अर्धंच पटतं. मुंबईत मताची पायरी 50 रुपयांवर होती, मग 30 वर आली, आणखी खाली येता येता पिढ्या गेल्या. प्रत्येक पायरीवर आत असलेल्यांनी बाहेरच्यांना ‘अजून तयारी नाही’ हेच ऐकवलं. आमच्याकडे पायऱ्याच नव्हत्या. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली आणि 1952 च्या सार्वत्रिक निवडणुकीत 21 वर्षांवरचा जो तो मतदार झाला. देशमुखाच्या वाड्यातली बाई आणि त्याच वाड्यात शेण काढणारी बाई एकाच रांगेत लागल्या. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याची निशाणी डकवलेली. अक्षर न येणाऱ्यालाही कुणाला विचारावं लागलं नाही. मुंबईला जिथवर यायला जवळजवळ 80 वर्षं लागली, तिथे आम्ही एका दमात पोचलो. वाटेत हिशेब मागायची सवय मात्र लागली नाही, ती मुंबईकरांना क्रॉफर्डने लावली होती.

कर आणि मत यांची जुनी सोयरीक अगदीच तुटलेली नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आमच्या भागात ग्रामसेवकाच्या टेबलाभोवती अचानक गर्दी होते. वर्षानुवर्षांची घरपट्टी, पाणीपट्टी एका दुपारी भरली जाते, कारण थकबाकीदाराला कायद्याने सभासद होता येत नाही. एरवी ज्याच्या दारात वसुलीला चपला झिजवाव्यात, तो स्वतः नोटा मोजत असतो. ही अट फक्त उमेदवाराला आहे. घरपट्टी कितीही थकली तरी मतदार-यादीतलं नाव कुणी खोडत नाही, आणि ज्याला घरच नाही त्याचंही नाव त्या यादीत असतं.