मैंदर्गीची हवा: वारं, फुफाटा आणि ऋतू

हवेच्या इतिहासाचा विषय निघाला की लंडनचं नाव येतंच. ५ ते ९ डिसेंबर १९५२. थंडी कडाक्याची, वारा पडलेला, घरोघर कोळशाच्या शेगड्या. वर उबदार हवेचं झाकण बसलं आणि धूर खालीच कोंडला. त्या वेळी सुमारे चार हजार मृत्यूंचा अंदाज झाला, पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ला तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. या गोष्टीत कोळसा जितका दोषी, तितकाच तो वारा नसलेला आठवडाही. मला आज त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल बोलायचंय, आणि तेही लंडन सोडून मैंदर्गीबद्दल.

मैंदर्गी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेलगतचं गाव. घरात कन्नड, कचेरीत मराठी. कन्नडमध्ये 'गाळी' म्हणजे वाराही आणि हवाही, एकच शब्द. मला वाटतं, या मुलखात हे दोन वेगळे करताच येत नाहीत.

का, ते बघा. सह्याद्रीचा माथा इथून अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब. महाबळेश्वराला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापूरकडे येईतो तो साडेपाचशे ते सातशेवर येतो. पण मंडळी, पाऊस डोंगरावर अडला तरी वारा अडत नाही. जून-जुलैत इथे पश्चिमेचं वारं सुसाट सुटतं, ढग डोक्यावरून निघून जातात आणि जमीन कोरडीच. इंग्लंडच्या गावात वारा आणि पाऊस बहुधा जोडीने येतात, हवा धुऊन निघते. आपल्याकडे ऐन आषाढात डोळ्यांत धूळ जाते. खरा पाऊस भाद्रपदातला. याच पर्जन्यछायेमुळे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचे प्रयोग करायला सोलापूर निवडलं.

या पावसावरच शेती बसली. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. म्हणजे एप्रिल ते जून रान उघडं, आणि वारं वाढतं नेमकं तेव्हाच. पण इथे घाई करू नका. काळी माती तशी सहज उडत नाही. तिची ढेकळं होतात, भेगा पडतात. ती उडते ती चाकाखाली, खुराखाली भरडली गेल्यावर. त्याला आपण फुफाटा म्हणतो, आणि फुफाटा वाटेवरचा असतो. सरकारी अहवालात 'नैसर्गिक धूळ' असं वाचलं की मी जरा थांबतो. त्या धुळीतली बरीचशी माणसाच्या वहिवाटीची आहे.

आणि वाऱ्याची गरजही होती. खळ्यावर तिवड्यावर उभं राहून धान्य उपणायचं, तर वारा हवा. वारा पडला की माणसं बसून राहायची. भुसकट कुठे जाणार हे बघूनच रास घातली जायची. मळणी यंत्र आलं आणि वाऱ्याची वाट बघणं संपलं. भुसा मात्र आता यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्याच्या नाकात जातो.

हिवाळा निराळा. आभाळ निरभ्र, रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड, वरची उबदार. लंडनचंच झाकण, आकाराने लहान. पहाटे गावावर धुराचा थर आडवा पसरलेला दिसतो. जुन्या धाब्याच्या घरात धूर जायला छतात एक साणं असायचं. चुलीत तुराट्या, पळकाट्या, शेणी. बाहेरच हवा हलत नसेल तर साण्यातून धूर निघणार किती? तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जायचा. या धुराची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. उज्ज्वला योजना आली २०१६ला.

गेल्या चाळीसेक वर्षांत या हिवाळ्यात नवं काय आलं? ऊस. १९८०ला उजनी धरण झालं, जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. गाळप हंगाम चालतो नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे हवा कोंडते त्याच महिन्यांत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रस्त्याचा फुफाटा, तोडणीनंतर पेटवलेलं पाचट. हेच पाचट मे महिन्याच्या वाऱ्यात जाळलं असतं तर धूर लांब गेला असता. जानेवारीच्या पहाटे तो वस्तीवरच बसतो. ज्वारीच्या काळात हिवाळा हा त्यातल्या त्यात स्वच्छ ऋतू होता, चुलीपुढची जागा सोडली तर. ते गणित उसाने फिरवलं.

२०१९च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात सोलापूर शहर आलं. ती यादी शहरांची आहे, मैंदर्गी तिच्यात नाही. पीएम १० धूलिकणांची वार्षिक मर्यादा, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, कागदावर दोघांनाही सारखीच लागू. मोजणी मात्र शहरात. म्हणून इथल्या हवेचा इतिहास लिहायचा तर यंत्राच्या आकड्यांआधी म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं: खळं गावाच्या कुठल्या अंगाला होतं, साणं कधी बुजवलं, आणि तुमच्या रानात पाचट पहिल्यांदा कधी पेटवलं?