गोष्टीचा रावी कोण?

उर्दू माध्यमाच्या शाळेत अफसाना शिकवताना आम्ही मुलांकडून पलाट, किरदार, फिजा, रावी हे शब्द घोकून घेतो. मराठीच्या तासाला तेच शब्द कथानक, पात्र, वातावरण, निवेदक होऊन येतात. व्याख्या मुलांच्या तोंडपाठ असतात. पण नवी गोष्ट समोर ठेवली की वर्ग गप्प होतो.

या शब्दांनाही इतिहास आहे. हरिभाऊ आपटे यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केले, त्यातून त्यांच्या 'स्फुट गोष्टी' घरोघर गेल्या. पुढे ना. सी. फडके यांच्या काळात गोष्टीची 'लघुकथा' झाली आणि तंत्राला महत्त्व आले. गुंतागुंत, उत्कंठा, शेवटची कलाटणी, म्हणजे कथानक हाच तिचा कणा ठरला. 1945 च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची 'नवकथा' आली. कथानक मागे सरले, माणूस पुढे आला.

यांतले माडगूळकर आपल्या माणदेशचे. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. 1949 साली त्यांचे 'माणदेशी माणसं' पुस्तक निघाले. त्याची अनुक्रमणिकाच पाहा: 'मुलाण्याचा बकस', 'तांबोळ्याची खाला', 'बाबाखान दरवेशी'. कलाटणीसाठी आणलेली ही पात्रे नव्हेत, माणच्या कोरड्या मातीत राबणारी आपलीच माणसे. पात्र आणि वातावरण वेगळे काढता येत नाही, हे शिकवायला याहून चांगला धडा आम्हाला सापडत नाही.

पण एक शब्द उरतो: रावी. हदीस सांगताना ती कोणाकडून आली, हे आपण आधी विचारतो. गोष्टीलाही तोच सवाल करावा. खालाची गोष्ट माडगूळकरांनी जिव्हाळ्याने सांगितली, त्यांचे ऋण आहेच. तरी सांगणारा शेजारी आहे. खाला स्वतः सांगती, तर काय सांगती?

1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हाच सवाल होता असे आम्ही मानतो. म्हणून आता आम्ही व्याख्या घोकून घेण्याआधी मुलांना सांगतो, 'आपल्या दादीची एक हकीकत मराठीत लिहून आणा.' रावी म्हणजे काय, ते मग समजावून सांगावे लागत नाही.