सगळे देव एका गाठोड्यात नकोत

जानेवारी १७७९. पौषातली गारठलेली पहाट आणि तुम्ही तळेगावात, तुमच्याच दारात उभे आहात. पुणे दरबाराचा हुकूम आलाय : गाव सोडा, कणग्या रिकाम्या करा, पेंढ्याच्या उडव्या पेटवा. राघोबादादांना सत्तेवर बसवायला इंग्रज बोरघाट चढून आलेत. सुमारे ३,९०० शिपाई आणि १९,००० बैल. पेशव्यांच्या घरातलं भांडण, आणि चूल विझते तुमची. एवढ्या तोंडांना मावळात दाणा मिळू नये, म्हणून तुमचं घर तुमच्याच माणसांनी जाळायचं.

आजी देव्हाऱ्यातले टाक उतरवते. खंडोबाचा टाक तुमच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, शेल्यात बांधते. तो महादजी शिंद्यांच्या फौजेत आहे. एकवीरा तुमच्या मुठीत देते. बहिरोबा स्वतःच्या कनवटीला.

"समदे देव एका गाठोड्यात नगं," ती म्हणते. "कोन कुठं ऱ्हाईल, कुनी सांगावं?"

४ तारखेला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेल्याचं दादानं सांगितलंय. आजीला त्याचं काही नाही. एकवीरेच्या डोंगराखाली शत्रूचा तळ पडला, हे मात्र तिच्या जिव्हारी लागलंय.

इंद्रायणीच्या उतारावर बैल, पोरं, म्हातारी माणसं एकच गर्दी करतात. मागं धूर. तुमच्या हातातला आजीचा हात सुटतो. तुम्ही हाका मारता. सगळेच कुणाला तरी हाका मारत असतात.

९ तारखेला इंग्रजांना तळेगाव जळालेलं सापडतं. ११ च्या रात्री ते जड तोफा तळ्यात ढकलून माघारी फिरतात, वडगावात कोंडले जातात आणि १६ ला तह करतात. दादा जिंकून परततो, शेल्यात खंडोबा तसाच. आजी येत नाही. आई चूल पेटवायला बसते आणि पहिला धूर नाकात जाताच उठून बाहेर जाते. देव्हाऱ्यात दोन टाक मांडले जातात. तिसऱ्याच्या जागेला रोज हळदकुंकू.

वडगावात आज या लढाईचा विजयस्तंभ आहे. मारल्या गेलेल्या स्टुअर्टलाही मावळच्या लोकांनी इष्टुर फाकडा म्हणून श्रद्धेनं पूजलं. शत्रूला देवपण देण्याएवढं मोठं मन या मातीत आहे. मग ज्यांनी या विजयासाठी आपली घरं पेटू दिली, त्यांच्या नावानंही तळेगावच्या तळ्याकाठी एक दगड उभा राहायला हवा. तळेगावकरांनो, हे काम तुमचंच आहे.