खडबडीत वाटेची सायकल : आधी टायर, मग गिअर
सोलापूरच्या नवी पेठेतून निघालेल्या सायकलस्वाराला शहराबाहेर डांबरी रस्ता सोडताच मुरूम आणि बाभळीचे काटे गाठतात. म्हणूनच माउंटन वा ग्रॅव्हल सायकलीत सुधारणा करताना पहिला खर्च टायरवर करावा. महागडे गिअर थांबू शकतात. टायरच्या कडेवरील ‘४०-६२२’ म्हणजे ४० मिलिमीटर रुंदी आणि ६२२ मिलिमीटर रिमव्यास. ‘७००सी’ व ‘२९ इंच’ ही नावे निराळी, व्यास एकच, २७.५ इंचीचा मात्र ५८४. हा आकडा जुळला नाही तर टायर बसतच नाही. रुंद टायरसाठी फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा आहे का, हेही मोजावे. ट्यूबलेस टायरमधील सीलंट काट्याचे छिद्र बुजवते, पण त्यासाठी रिमही तशीच लागते. शिवाय सोलापूरच्या उन्हात सीलंट लवकर सुकते. झिजलेली साखळी तेवढी लगेच बदलावी, कारण ती कॅसेटचे दातेही खाते.