येरवड्याचे चार फास

सोलापुरात दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. आम्हा मराठी मुसलमानांना चौथ्या नावाचा अभिमान आहे. हिंदू-मुस्लीम ऐक्यावरच्या भाषणात आम्ही ते हमखास घेतो. पण फाशी या शिक्षेविषयी त्यातून काही शिकलो का?

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगारांचे सोलापूर पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, जमावाने कोर्टाला आग लावली, मंगळवार पेठ चौकीतील दोन पोलीस मारले गेले. १२ मेपासून शहरात मार्शल लॉ आला. पोलिसांच्या खुनाबद्दल हे चौघे दोषी ठरले. त्यांना यात गोवले गेले, ही सोलापूरकरांची भावना आजही कायम आहे. 'गझनफर' हे साप्ताहिक चालवणारा आणि कामगारांत वावरणारा कुर्बान हुसेन तेव्हा ऐन तारुण्यात होता.

मारले गेलेले पोलीसही कुणाचे तरी मुलगे होते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या घरच्यांना न्याय हवाच होता. पण खटला चालला, साक्षी झाल्या, निकाल लागला आणि तरीही खरा गुन्हेगार सापडला की नाही, हा प्रश्न उरला. सरकार गेल्यावर कागदावरचे खुनी हुतात्मे ठरले. त्यांना परत आणणे मात्र कुणाच्याच हाती नव्हते.

इंग्रज गेले, त्यांची १८६० ची दंडसंहिता राहिली. १९४९ मध्ये घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले. तसे झाले नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देताना खास कारणे नोंदवण्याचे बंधन घातले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणापुरती ठेवली. २०२४ मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही फाशी आहेच.

ही चाळणी कितपत भरवशाची? महाराष्ट्रातील २००३ च्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. अक्षरधाम खटल्यात २०१४ मध्ये सहा जण निर्दोष ठरले. त्यांतील तिघांना फाशी झाली होती. २००६ च्या मुंबई रेल्वे स्फोटांच्या खटल्यात पाच जणांना फाशी झाली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने साऱ्यांनाच निर्दोष ठरवले; त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फाशी झालेल्या पाचांपैकी एकजण हा निकाल ऐकायला उरला नव्हता. २०२१ मध्ये तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला होता.

स्फोटात माणसे गमावलेल्या घरांचे दुःख यामुळे हलके होत नाही. उलट ते वाढते. चुकीच्या माणसाला फास लागला की खरा गुन्हेगार कायमचा सुटतो.

आमच्यातले काहीजण म्हणतील, शरियतच किसासची परवानगी देते. देते खरी, पण त्याच आयतीत माफीची वाट आहे, आणि सूरे माइदामध्ये बदला सोडणाऱ्याला ते कफ्फारा ठरते. शंका असेल तर हद्द लावू नये, हा फिकहचा जुना दंडक आहे. ज्या कोर्टांत शंका इतक्या उशिरा दूर होतात, तिथे हा दंडक कुठे नेतो, याचा विचार आपल्या उलेमांनी आणि लेखकांनी करायला हवा. तुर्कस्तानने २००४ मध्ये फाशी पूर्णपणे बंद केली. इराण आणि सौदी अरबस्तानात मात्र ती आजही सर्रास दिली जाते; त्याविषयी आम्ही मौन पाळतो.

'आपला' माणूस फासाखाली आला की रडायचे आणि 'परका' आला की टाळ्या वाजवायच्या, हे आता पुरे. निर्घृण गुन्हेगाराला जन्मभर तुरुंगात ठेवा, मृतांच्या घरच्यांना आधार द्या. पण चूक सुधारण्याची वाट खुली असू द्या. १२ जानेवारीला कुर्बान हुसेनला हार घालताना निदान एवढे तरी मागू या.