एशियन आयडॉल: अभिजीत सावंत उतरला, सिंगापूर जिंकलं
एशियन आयडॉल ही गायन स्पर्धा डिसेंबर २००७ मध्ये जकार्ता येथे झाली. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि सिंगापूर या सहा देशांचे आयडॉल विजेते त्यात उतरले होते. भारतातर्फे गायला २००५ चा पहिला इंडियन आयडॉल, मुंबईचा मराठी गायक अभिजीत सावंत.

१०० कोटींहून अधिक लोकसंख्येचा भारत मागे राहिला आणि ५० लाखांहून कमी लोकसंख्येच्या सिंगापूरचा हादी मिर्झा जिंकला. असं कसं झालं? कारण प्रत्येक देशाच्या मतांना सारखंच वजन होतं. शिवाय प्रत्येक मतदाराला दोन गायक निवडावे लागत. पहिलं मत आपल्या माणसाला दिलं, तरी दुसरं परक्या देशाच्या गायकाला द्यावंच लागे. त्यामुळे नुसत्या लोकसंख्येचा जोर चालला नाही.