आपला उमेदवार कोण ठरवतो? नागपूरच्या वस्त्यांच्या शंभर वर्षांचा धडा

महानगरपालिकेच्या एका निवडणुकीआधीची गोष्ट. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या विहारात रात्री आठ वाजता बैठक बोलावली होती. विषय होता ‘उमेदवार निवड’. सतरंज्या टाकल्या, वंदना झाली, लोक बसले. साडेनऊला एक गाडी आली. त्यातून उतरलेल्या नेत्याने खिशातून कागद काढला आणि चार नावे वाचून दाखवली. त्यातल्या एकाला आमच्या वस्तीने कधी पाहिलेही नव्हते. एका वयस्कर काकाजींनी उठून विचारले, “ही नावे कुठे ठरली?” कोणी उत्तर दिले नाही. टाळ्या मात्र वाजल्या. खरे सांगायचे तर त्या टाळ्यांमध्ये आमच्याही होत्या.

काकाजींचा तो प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. कारण तो नवा नाही. नागपुरात तो शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्या वेळी त्याला उत्तरही मिळाले होते.

1920 सालच्या 30 मे ते 1 जून या तीन दिवसांत नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज. बाबासाहेब तेव्हा 29 वर्षांचे होते. ‘मूकनायक’ सुरू होऊन चार महिने झाले होते. देशात राजकीय सुधारणा येऊ घातल्या होत्या आणि कायदेमंडळात अस्पृश्यांचा प्रतिनिधी जाणार हे उघड होते. प्रश्न होता, त्याला निवडणार कोण? डिप्रेस्ड क्लास मिशनची भूमिका अशी होती की, ही निवड कायदेमंडळातल्या सभासदांनी करावी. म्हणजे माणूस आमचा, पण पसंती दुसऱ्यांची. मिशनच्या माणसांनी शिक्षणाचे काम केले होते, त्यांच्या हेतूवर कोणी शंका घेत नव्हते. तरीही नागपूरच्या परिषदेत या भूमिकेचा निषेध झाला. आमचा माणूस आम्हीच निवडू, असा त्या निषेधाचा अर्थ होता.

मित्रांनो, आपल्या राजकारणाची सुरुवात इथे आहे. ‘आम्हाला जागा द्या’ ही मागणी नंतरची. त्या जागेवर कोणाला बसवायचे हे आम्ही ठरवू, हा आग्रह त्याच्या आधीचा आहे.

असा आग्रह धरण्याची ताकद नागपुरात कुठून आली? नुसत्या भाषणांतून ती आलेली नाही. 1877 साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गावात बलुतं मागणारा माणूस शहरात आला आणि महिन्याकाठी त्याच्या हातात मजुरी पडू लागली. ती तोकडी होती, कष्टाची होती. पण पाटलाच्या मेहरबानीची नव्हती. इंदोरा, पाचपावली, सीताबर्डीचा महारपुरा अशा वस्त्यांमध्ये हा कामगार राहत होता. किसन फागूजी बनसोड यांच्यासारखी माणसे बाबासाहेबांच्या आधीपासून या भागात वाचनालये, शाळा, पत्रके यांचा खटाटोप करत होती. जाईबाई चौधरी यांनी हमाली करत शिक्षण घेतले आणि मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. राधाबाई कांबळे गिरणीत काम करणाऱ्या. त्यांनी कामगार आयोगासमोर साक्ष दिली. वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मकथनात महारपुऱ्याचे जे जग उभे केले आहे, ते वाचले की कळते की पक्ष म्हणजे मोहल्लाच होता. आखाडा, समता सैनिक दल, जयंतीची मिरवणूक आणि सभा या वेगवेगळ्या गोष्टी नव्हत्या. तीच पोरे, तीच ओसरी, तेच म्हातारे.

कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांच्याकडे पाहा. जन्म 1904. कामठीत त्यांनी रात्रशाळा चालवल्या, विडी कामगारांना संघटित केले. ‘जयभीम’ हे अभिवादन रुजवण्याचे श्रेय समाज त्यांना देतो. 1931 साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचे खरे नेते कोण, यावर वाद झाला. तेव्हा बाबासाहेबच आमचे नेते आहेत, अशा तारा लंडनला पाठवण्याच्या मोहिमेत ते पुढे होते. 1937 च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले. दोन वर्षांत, 12 जानेवारी 1939 रोजी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे 35.

आम्ही दरवर्षी कन्हानच्या काठी त्यांच्या समाधीवर जातो, फुले वाहतो. पण त्यांच्या आयुष्याचा क्रम आपण नीट वाचत नाही. आधी रात्रशाळा, मग विडी कामगार आणि त्यानंतर कायदेमंडळ. आज क्रम उलटा झाला आहे. आधी फ्लेक्स लागतो, मग तिकीट मागितले जाते आणि वस्तीची ओळख प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात होते.

1942 साली 18 ते 20 जुलै या दिवसांत नागपूरच्या मोहन पार्कवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच मंडपात 20 तारखेला महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेचे ठराव आजही समोर ठेवण्यासारखे आहेत. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क हवा. गिरणीतल्या स्त्रियांना पगारी रजा, पेन्शन आणि देखरेखीसाठी स्त्री अधिकारी हव्यात. प्रतिनिधी मंडळांत स्त्रियांना जागा हव्यात. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना 50 टक्के आरक्षण मिळाले ते 2011 साली. नागपूरच्या वस्त्यांतल्या बायांनी प्रतिनिधित्वाची मागणी त्याच्या 69 वर्षे आधी केली होती. आणि आज? आरक्षित जागेवर बाईचे नाव असते आणि फोन नवऱ्याच्या खिशात वाजतो. प्रत्येक ठिकाणी असे नाही, हे आम्ही जाणतो. पण जिथे आहे तिथे ते झाकून चालणार नाही.

आता मधली अडचण समजून घेऊ. 1932 च्या पुणे कराराने राखीव जागा वाढल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. म्हणजे 1920 साली नाकारलेली गोष्ट दुसऱ्या वाटेने परत आली. उमेदवार आमचा, निवड बहुसंख्यांची. म्हणूनच 1946 साली फेडरेशनने पुण्यात आणि नागपुरात विधिमंडळांसमोर सत्याग्रह केला आणि वस्त्यांमधली माणसे तुरुंगात गेली. म्हणूनच 1952 साली मुंबईत आणि 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला. त्यांना हरवणारे उमेदवारही आपल्याच समाजाचे होते. आमच्यातला कोणता माणूस निवडून जाईल हे दुसरेच ठरवतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आज महानगरपालिकेत काय होते ते पाहा. 2017 साली नागपुरात 151 जागा आणि 38 प्रभाग होते. एक सोडून प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक. शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 24 लाखांवर. म्हणजे एका प्रभागात सरासरी 60 हजारांहून जास्त माणसे. प्रत्येक मतदार चारही जागांना मत देतो. अनुसूचित जातीच्या राखीव जागेचा उमेदवारही याच मोठ्या प्रभागातून निवडला जातो. ज्याच्याकडे चार उमेदवारांचे पॅनल, चार जणांचा खर्च आणि शंभर बूथवरची माणसे आहेत, तो पक्ष पुढे जातो. त्या निवडणुकीत भाजपला 108, काँग्रेसला 29 आणि बसपला 10 जागा मिळाल्या. ज्या शहरात 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, त्या शहराच्या सभागृहात त्या नावाची एकही जागा आली नाही. पुढे मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिला. नगरसेवक नसताना आपल्या किती वस्त्यांनी झोन कार्यालयावर जाऊन नालीचा, पट्ट्याचा, शाळेचा हिशेब मागितला? आम्ही मोजके वेळा गेलो. तेही दहा-बारा जण.

सगळा दोष पद्धतीवर ढकलून मोकळे होता येणार नाही. पद्धत अन्यायाची आहे, पण फूट आपली आहे. रिपब्लिकन पक्ष स्थापन होऊन दोन वर्षे होत नाहीत तोच वेगळे गट उभे राहिले. 1998 साली ऐक्याच्या जोरावर चार रिपब्लिकन खासदार लोकसभेत गेले. त्या ऐक्यामागे नेत्यांचे शहाणपण कमी आणि वस्त्यांचा दबाव जास्त होता. दबाव सैल झाला आणि गट परत आले. गटाचे राजकारण वरून खाली झिरपते तेव्हा त्याची किंमत वस्ती मोजते. एका चौकात दोन मंडळे, दोन वर्गण्या, दोन मिरवणुका. आणि नालीचा अर्ज मात्र एकाचाही नाही.

काही तरुण मित्र म्हणतात, “राजकारण घाण आहे. आपण धम्माचे आणि शिक्षणाचे काम करू.” या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही उडवून लावत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ची धम्मदीक्षा पक्षाने नव्हे, तर वामनराव गोडबोले ज्याचे चिटणीस होते त्या भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेने घडवली. श्रद्धानंद पेठेजवळच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मोकळ्या मैदानावर लाखो लोक आले, ते कोणाच्या तिकिटासाठी आले नव्हते. पण त्याच वेळी नागपूरचे उपमहापौर होते सदानंद फुलझेले, वय 27. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबरला, नागपूर महानगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. हे शहर ज्या सभागृहातून चालते, तिथे आपली माणसे बसली होती. धम्म आणि वॉर्ड यांत त्या पिढीने भांडण लावले नाही. दोन्हीकडची कामे वेगळी ठेवली आणि दोन्ही केली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. विद्यार्थी होते अवघे 15. राजकारण घाण म्हणून सोडून द्यायचे असते, तर आजारी शरीराने त्यांनी ही शाळा कशाला काढली असती?

आपल्या वस्त्या लढत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. 4 ऑगस्ट 1978 ला नामांतरासाठी इंदोऱ्यात पोरांनी गोळ्या झेलल्या. 10 नंबर पुलाजवळचे शहीद स्मारक आम्ही रोज येता-जाता पाहतो. रस्त्यावर उतरण्यात आपण कोणाच्या मागे नाही. मागे पडतो ते मतदार यादी तपासण्यात, सभेचे इतिवृत्त लिहिण्यात, पावती फाडण्यात. मरायला तयार असलेला समाज मंगळवारी सकाळी अकरा वाजता झोन कार्यालयात जायला तयार नसेल, तर त्याच्या नावावर दुसरेच कोणीतरी तिकीट आणते.

म्हणून आम्ही आमच्या वस्तीत काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या तुमच्यापुढेही ठेवतो. पहिली, कोणत्याही गटाचा, कोणत्याही पक्षाचा उमेदवार असो, तो आधी वस्तीच्या खुल्या सभेत उभा राहील आणि प्रश्नांना उत्तरे देईल. न येणाऱ्याचे नाव आम्ही विहारात वाचू देणार नाही. दुसरी, विहार समितीचा पैसा आणि पक्षाचा पैसा एकाच डब्यात जाणार नाही. दोन्हींचा हिशेब फळ्यावर लागेल. तिसरी, सभेत निम्म्या बाया नसतील तर सभा पुढे ढकलू. आम्ही ती एकदा ढकललीही. लोक चिडले, पण पुढच्या वेळी बाया आल्या आणि पहिला प्रश्न पाण्याच्या टँकरचा निघाला, जो आम्हा कोणालाच सुचला नव्हता. चौथी, मतदार यादी निवडणुकीच्या वर्षी नाही, दरवर्षी तपासू. लग्न होऊन आलेल्या मुली, भाडे परवडत नाही म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गेलेली कुटुंबे, यांचीच नावे सर्वांत आधी गळतात.

यातून उद्या सत्ता येईल असे आम्ही सांगत नाही. चार जणांच्या प्रभागात वस्तीला आघाड्या कराव्या लागतील. ओबीसी, मुस्लिम, आदिवासी शेजाऱ्यांशी बोलावे लागेल. पण आघाडी करायला आधी आपले म्हणणे ठरलेले हवे, आणि ते वस्तीत ठरलेले हवे. नाहीतर आघाडी होते नेत्यांची, आणि वस्ती फक्त मोजली जाते.

ते काकाजी आता नाहीत. 1920 च्या परिषदेबद्दल त्यांनी काही वाचले होते की नाही, आम्हाला माहीत नाही. पण कस्तुरचंद पार्कवर जो प्रश्न विचारला गेला, तोच त्यांनी विहारातल्या सतरंजीवरून विचारला होता. त्या रात्री आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी नावांचा कागद घेऊन कोणी आले, तर वाचण्याआधी तो कागद सभेच्या हाती द्यावा लागेल, एवढे आम्ही ठरवले आहे.

जयभीम!